एक म्हणतात आहे, दुसऱ्या म्हणतात नाही

प्रश्न: ताई नमस्कार. पत्र मोठं होणार आहे, आधीच सॉरी. गेल्या तीन महिन्यांत मी हे चौथ्यांदा लिहायला घेतलंय, आधीची तीन अर्धवट ड्राफ्टमधे पडून आहेत. मी तुमच्यापेक्षा लहानच असेन, अगं-तुगं केलंत तरी चालेल.

माझं वय ३६. पोस्ट ग्रॅज्युएशन झालंय, मार्क कायम चांगले, नोकरी बरी आहे, म्हणजे कागदावर बघितलं तर माझं काहीच बिघडलेलं नाही. पण रोजचं जगणं म्हणजे नुसती धांदल. अकाउंटला पैसे असून बिलाची तारीख उलटते आणि दंड भरते, मीटिंगमधे कोणी बोलायला लागलं की तिसऱ्या वाक्याला मी भलतीकडेच पोचलेली असते, कुठलंही मोठं काम डेडलाइनच्या आदल्या रात्रीशिवाय हातून होतच नाही, आणि घरात छंदांचं अर्धवट सामान एवढं साठलंय की एक ना धड भाराभर चिंध्या ही म्हण माझ्यावरूनच काढली असावी. लहानपणापासून मला वेंधळी म्हणतात. त्याचं काही वाटायचं नाही, पण आता मुलीची फॉर्म भरायची तारीख चुकली तेव्हा रडूच आलं.

म्हणून सायकियाट्रिस्टकडे गेले. डॉक्टरांनी तासभर बोलून, एक १८ प्रश्नांचा फॉर्म भरून घेऊन सांगितलं की तुम्हाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि चंचलपणाचा विकार, त्यातला लक्ष न लागण्याचा प्रकार. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! औषध सुरू करायच्या आधी पूर्ण असेसमेंट करून घ्या म्हणाले म्हणून एका सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे गेले. तिथे आयक्यू टेस्ट, चिंतेचे आणि मूडचे फॉर्म, आणि कॉम्प्युटरवरची लक्षाची टेस्ट, स्क्रीनवर अक्षरं येतात, एक अक्षर सोडून बाकी सगळ्यांना बटण दाबायचं. मी बॉम्ब निकामी करत असल्यासारखी त्याला चिकटून बसले होते. रिपोर्ट आला की लक्ष नॉर्मल, बुद्धिमत्ता सरासरीपेक्षा वर, शैक्षणिक यश चांगलं, चिंतेचा स्कोअर जास्त, 'सध्या उपलब्ध माहितीवरून एडीएचडीच्या निदानाला पुरेसा आधार मिळत नाही, चिंतेच्या आजाराचा विचार करावा'. आणि गंमत म्हणजे ही रिपोर्टची फाइल मी त्यांच्याच रिसेप्शनवर विसरून आले, दुसऱ्या दिवशी परत जाऊन आणली.

आई म्हणते तू तर शांत मुलगी होतीस, सदा पुस्तकात डोकं, तुला कसलं एडीएचडी. नवरा म्हणतो रील्स बघून बघून तुझ्या डोक्यात भरलंय. मला दुसरा रिपोर्ट पटत नाही, पण मग वाटतं की मला तो फक्त आवडला नाही म्हणून पटत नाहीये का? झोप तशी कमीच होते, पाचएक तास, आणि थायरॉईडची गोळी दोन वर्षांपासून चालू आहे, बाकी तब्येत ठीक. तिसरीकडे जाऊ का? की हे आता मनाला हवं ते उत्तर मिळेपर्यंत दुकानं फिरण्यासारखं होईल?

उत्तर: अगं, शेवटचा प्रश्न स्वतःलाच विचारलास म्हणून निम्मं काम झालंय माझं. दुसरा रिपोर्ट तू भिंग लावून तपासतेयस, छान. पहिल्या डॉक्टरांचं मत तसं तपासलंस का? तिथे तासभर गप्पा आणि एक फॉर्म. लहानपणाबद्दल कोणाला विचारल्याचं तुझ्या पत्रात कुठे नाही, झोपेबद्दल नाही, थायरॉईडचा रिपोर्ट बघितल्याचं नाही. ते उत्तर हवं होतं, म्हणून ते लगेच पटलं. मी तुला खोटं पाडत नाहीये, मला स्वतःला तुझं पत्र वाचून एडीएचडीची शक्यता बऱ्यापैकी वाटतेय, पण पत्र वाचून निदान करणाऱ्या माणसावर तू अजिबात विश्वास ठेवू नकोस, माझ्यावरसुद्धा.

आता ती १८ प्रश्नांची यादी. बहुतेक ती डब्ल्यूएचओची एएसआरएस असणार, सगळीकडे तीच वापरतात. ती चाळणी आहे. कोणाला नीट तपासायला हवं एवढंच ती सांगते. त्यात 'वारंवार' आणि 'खूप वारंवार' असे पर्याय असतात, आणि डिप्रेशन असलेला, झोप न झालेला, नुकतं जवळचं माणूस गमावलेला कोणीही त्यावर भरपूर मार्क मिळवू शकतो. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या गाइडलाइनमधे सरळ लिहिलंय की नुसत्या रेटिंग स्केलवरून किंवा निरीक्षणाच्या आकड्यांवरून एडीएचडीचं निदान करू नये.

पण हेच वाक्य दुसऱ्या रिपोर्टलाही लागू पडतं, बरं का. कॉम्प्युटरवरची ती टेस्ट, सीपीटी म्हणतात तिला, पंधराएक मिनिटांची असते. शांत खोली, फोन बंद, समोर एकच काम, तेही नवीन, शेजारी कोणीतरी बघतंय, आणि निकालावर तुझं सगळं अडलेलं. एडीएचडीच्या मेंदूला जागं करणाऱ्या ज्या ज्या गोष्टी असतात त्या सगळ्या तिथे हजर, म्हणजे डेडलाइनची आदली रात्रच झाली की ती! बॉम्ब निकामी करत असल्यासारखी बसलीस म्हणतेस, तेच तर. एडीएचडी असलेल्या कितीतरी लोकांचा या टेस्टचा स्कोअर नॉर्मल येतो आणि नसलेल्या काहींचा खराब येतो. आयक्यूचं तसंच. वर्किंग मेमरीचे, म्हणजे गोष्टी तेवढ्यापुरत्या डोक्यात धरून ठेवण्याचे, किंवा वेगाचे उपस्कोअर बाकीच्यांपेक्षा खाली असतील तर लक्षात घेण्यासारखं असतं, पण त्यावरून आहे की नाही ते ठरत नाही. या टेस्टा निरुपयोगी आहेत असं नाही, शिकण्याची अडचण आहे का, माणूस मुद्दाम वाढवून सांगतोय का, हे बघायला त्या लागतात. पण 'टेस्टमधे लक्ष नॉर्मल म्हणून एडीएचडी नाही' हा तर्क लंगडा आहे.

'मार्क चांगले म्हणून नाही' हा तर त्याहून लंगडा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण अशी पत्रं मला फार येतात, आणि बहुतेक बायकांची. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात, म्हणजे २०१३ पासून, मोठ्यांसाठीची अट अशी आहे: लक्षाची नऊ आणि चंचलपणाची नऊ लक्षणं, त्यातल्या कुठल्यातरी एका गटातली किमान पाच, सहा महिने तरी टिकलेली. त्यातली बरीचशी १२ वर्षांच्या आत दिसायला लागलेली, दोन किंवा जास्त ठिकाणी म्हणजे घर, काम, शाळा वगैरे, आणि त्यामुळे जगण्यात खरंच अडथळा येतोय, आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने ते जास्त चांगलं समजावता येत नाही. आता नीट वाच, १२ च्या आत लक्षणं दिसायला हवीत, नापास व्हायला हवं असं कुठे म्हटलेलं नाही. आधीच्या आवृत्तीत वय ७ होतं आणि त्या वयात लक्षणांचा त्रास झालेला असणंही लागायचं, ते काढून टाकलं. कारण हुशार मूल, त्यात वरून शांत, घरात कोणीतरी मागे उभं, अशा मुलाचा गाडा बराच लांबपर्यंत ढकलला जातो. घोडं पेंड खातं ते पुढे. जेव्हा दप्तर भरून देणारं कोणी नसतं, वेळापत्रक आपलं आपण बनवायचं असतं, वर नोकरी आणि मूल दोन्ही.

म्हणून आईला 'मी लहानपणी कशी होते गं' असं विचारू नकोस. त्याचं उत्तर शांत होतीस हेच येणार, आणि ते खोटंही नसेल, लक्ष न लागणारी मुलगी खिडकीबाहेर बघत शांतच बसते. त्याऐवजी बारीक बारीक विचार. माझं दप्तर कोण भरायचं? गृहपाठ सांगितल्याशिवाय व्हायचा का? डबा, छत्री, पेन्सिली महिन्यात किती वेळा हरवायच्या? पुस्तकात डोकं असताना हाक मारली तर कितव्या हाकेला ओ द्यायचे? प्रगतीपुस्तकं कुठल्या पेटीत असतील तर काढ, मार्कांकडे बघू नकोस, शेऱ्यांकडे बघ. 'हुशार आहे पण निष्काळजी', 'वर्गात लक्ष नसते', 'अक्षर व नीटनेटकेपणा सुधारावा'. दोनतीन इयत्तांमधे वेगवेगळ्या शिक्षकांनी तेच तेच लिहिलं असेल तर तो कागद त्या कॉम्प्युटर टेस्टपेक्षा जास्त बोलतो. आणि काहीच सापडलं नाही, आई म्हणाली की तू सगळं वेळच्या वेळी करायचीस आणि हे गेल्या पाचसहा वर्षांतलंच आहे, तर तेही तितकंच महत्त्वाचं. मग मॅडमचं म्हणणं वजनदार होतं.

आता चिंता. तुझ्या मॅडमनी चुकीचं काही मोजलेलं नाही, चिंता तुझ्यात आहेच, पत्रभर सांडलीय. प्रश्न आहे की आधी कोण आलं. चिंतेने लक्ष उडतं तेव्हा ते बहुतेक काळजीकडे जातं, काय होईल, कोण काय म्हणेल. एडीएचडीत लक्ष कुठेही जातं, मजेच्या गोष्टीतसुद्धा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, कशाचीच काळजी नसताना. आयुष्यात तू खरोखर निवांत होतीस असा एखादा काळ आठव आणि तेव्हा किल्ल्या हरवायच्या का ते बघ. शिवाय वर्षानुवर्षं तारखा चुकवणारा माणूस घाबरट होतोच, दहा वेळा पाण्यात पडल्यावर अकराव्यांदा काठावरून जाताना पाय थरथरणारच. आणि दोन्ही एकत्र असणं तर नेहमीचंच, अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्व्हेत, २००६ मधे छापलेला, एडीएचडी असलेल्या मोठ्यांपैकी ४७ टक्क्यांना वर्षभरात चिंतेचा कुठलातरी आजारही होता. त्यामुळे 'चिंता सापडली म्हणून एडीएचडी नाही' असं म्हणता येत नाही. तसं कोणी लिहिलं असेल तर त्याने पुढचं काम अर्धवट सोडलंय.

पण त्यांनी तसं लिहिलंय का? परत वाच. 'सध्या उपलब्ध माहितीवरून पुरेसा आधार मिळत नाही.' तू ते 'नाही' असं वाचलंस. ते वाक्य 'नाही' म्हणत नाही, ते म्हणतं माझ्यासमोर जे आलं तेवढ्यावर मी सही करणार नाही. आणि त्यांच्यासमोर काय आलं? तुझं प्रगतीपुस्तक नाही, आईशी बोलणं नाही, फाइल रिसेप्शनवर विसरल्याचं तर त्यांना माहीतही नसेल. मला वाटतं तिसरीकडे जायच्या आधी परत त्यांच्याकडेच जा, भांडायला नाही, विचारायला. कुठला निकष पूर्ण झाला नाही असं तुम्हाला वाटलं? लहानपणाबद्दल कशाच्या आधारावर ठरवलंत? मी आणखी माहिती आणली तर रिपोर्टला पुरवणी जोडाल का? चांगली सायकॉलॉजिस्ट अशा प्रश्नांनी चिडत नाही. चिडल्या तर तेही उत्तरच आहे.

दोन तज्ज्ञांचं जुळलं नाही म्हणून त्यातला एक अडाणी असं समजू नकोस. डीएसएम-५ छापायच्या आधी त्यांनी एकाच पेशंटला दोन वेगवेगळ्या तज्ज्ञांकडून तपासून घेऊन किती जुळतं ते मोजलं होतं. ० म्हणजे योगायोगाने जुळेल तेवढंच, १ म्हणजे पूर्ण एकमत. मुलांमधल्या एडीएचडीला ०.६१ आला, मोठ्यांच्या डिप्रेशनला ०.२८, आणि जनरलाइज्ड अँग्झायटीला ०.२०. म्हणजे या तिघांत चिंतेच्या आजारावरच सगळ्यात कमी एकमत! मनाच्या आजारांना रक्ताची टेस्ट नाही, स्कॅन नाही, बोलणं आणि इतिहास हेच हत्यार, त्यामुळे कोणी इतिहास किती खोदला त्यावर बरंच ठरतं.

आता जी गोष्ट तू 'बाकी तब्येत ठीक' म्हणून एका ओळीत उडवून लावलीस. पाच तास झोप ही ठीक तब्येत नाही. पाच तास झोपणाऱ्या माणसाचं लक्ष, आठवण, चिडचिड सगळं एडीएचडीसारखंच दिसतं, आणि उलट एडीएचडीवाल्यांना रात्री लवकर झोपच येत नाही, त्यामुळे हे कोडं झोप सुधारून बघितल्याशिवाय सुटत नाही. घोरतेस का ते नवऱ्याला विचार, सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का ते बघ, तसं असेल तर स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, तपासून घे. थायरॉईडची गोळी चालू आहे, पण शेवटची टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ताची टेस्ट, कधी केली होतीस? दोन वर्षांत डोस बदलायची गरज पडू शकते. त्याच रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि बी-१२ पण बघून घे, एकदाच सुई टोचून होईल. हे आधी कर. तिसरा तज्ज्ञ दोन महिने थांबू शकतो.

आणि मग तिसरीकडे जायचंच असेल तर जा, त्याला दुकानं फिरणं मी म्हणणार नाही, एका अटीवर. आधीचे दोन्ही रिपोर्ट घेऊन जायचे, दोन्ही, नको तो घरी ठेवून नाही. मोठ्यांच्या एडीएचडीचं काम नेहमी करणारा माणूस शोध, आणि अपॉइंटमेंट घेतानाच विचार की डिवा-५ सारखी सविस्तर मुलाखत घेता का, त्यात प्रत्येक लक्षणासाठी आत्ताचं उदाहरण आणि लहानपणीचं उदाहरण वेगवेगळं विचारतात, शक्य असेल तर घरच्या माणसासमोर. 'मी विसरते' असं मोघम सांगू नकोस, दोन आठवडे एका कागदावर लिही काय विसरलीस, कधी, त्याने काय झालं. कागद हरवेल म्हणतेस? मग फोनवर बोलून ठेव.

रील्सबद्दल नवरा अगदीच चुकीचा नाही, तिथे इतकं गुळगुळीत सांगतात की प्रत्येकाला आपलंच वाटतं. पण रील बघून शंका येणं आणि रील बघून लक्षणं होणं यात फरक आहे, आणि तुला वेंधळी म्हणायला लागले तेव्हा रील्स नव्हत्या.

चिंतेचे उपचार मात्र या सगळ्यासाठी अडवून ठेवू नकोस. ते दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतात, आणि चिंता कमी होऊनही किल्ल्या हरवत राहिल्या तर तीसुद्धा पुढच्या तज्ज्ञासाठी माहितीच.

प्रश्न: मी २९ वर्षांचा आहे, मुलगा. असेसमेंटमधे मला 'बॉर्डरलाइन, निश्चित नाही' असं सांगितलं. माझ्या मित्राला एडीएचडी आहे, त्याची एक गोळी मी परवा घेऊन बघितली आणि ताई, चार तास मी न उठता काम केलं. म्हणजे मला आहे हे सिद्धच झालं ना?

उत्तर: नाही रे बाबा. हा प्रयोग तुझ्या आधी फार चांगल्या पद्धतीने करून झालाय. १९७८ मधे ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी सायन्स या जर्नलमधे छापलं होतं, १४ मुलं, सगळी अगदी नॉर्मल, कुणालाच असा त्रास नाही, त्यांना डेक्स्ट्रोॲम्फेटामाइन या एडीएचडीच्या औषधाचा एक डोस दिला. त्यांची पण चुळबुळ कमी झाली आणि लक्ष सुधारलं. तोपर्यंत लोकांना वाटायचं की या औषधाने शांत होतो तो आजारी, तो समज तिथेच फुटला. जागरण केलेल्या माणसाला तर ती गोळी आणखीच जोरात लागते, आणि त्या दिवशी तू किती झोपला होतास ते तू लिहिलेलं नाहीस.

आणि परत हे करू नकोस. ही औषधं नाडी आणि बीपी वाढवतात, हृदयाचा त्रास असेल किंवा आधी कधी मॅनिया म्हणजे अति उत्साहाचा झटका, किंवा सायकोसिस म्हणजे भास-भ्रम, झालं असेल तर प्रकरण अंगाशी येतं, काही डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर तर चालतच नाहीत. डॉक्टर बीपी आणि वजन बघून, घरात कोणाला हार्टचं काही आहे का विचारून लहान डोसने सुरू करतात ते उगाच नाही. पण पुढच्या अपॉइंटमेंटला हे लपवूही नकोस, घेतली होती म्हणून सांग, ओरडा खाशील, खा. आणि 'बॉर्डरलाइन' म्हणजे काय ते फोड करून विचार, लक्षणं पाचच्या ऐवजी चार भरली की लहानपणीची माहिती मिळाली नाही? या दोन्हीचे पुढचे रस्ते वेगळे आहेत.

प्रश्न: माझ्या बायकोच्या एडीएचडी तपासणीसाठी मला एक फॉर्म भरायला दिलाय, 'जवळच्या व्यक्तीने भरायचा'. ती म्हणते सगळीकडे 'नेहमी' लिही, नाहीतर आधीसारखं परत नाही म्हणतील. खरं सांगू का, मला ती एवढी विसरभोळी वाटतच नाही. काय लिहू?

उत्तर: 'नेहमी' लिहू नका. सगळ्या रकान्यांत एकच उत्तर दिसलं की तपासणारा तो फॉर्म बाजूला ठेवतो, म्हणजे तिचं नुकसानच. पण 'वाटत नाही' हे लिहायच्या आधी एक आठवडा बघा की घरातलं काय काय तुम्ही गुपचूप करताय. बिलांच्या तारखा कोण लक्षात ठेवतं? निघताना 'फोन घेतलास का' कोण विचारतं? गॅस बंद आहे का ते दुसऱ्यांदा कोण बघतं? हे सगळं तुम्ही करत असाल तर तिचा विसराळूपणा तुमच्या हातात अडकलाय म्हणून तुम्हाला दिसत नाही. तसं असेल तर तसंच लिहा, फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला, दोनतीन खरे प्रसंग, तारखेसकट आठवले तर उत्तम. आणि यातलं काही करत नसाल, ती तिचं सगळं नीट सांभाळत असेल, तर तेही तितक्याच सरळपणे लिहा. तिला राग येईल. भरताना ती शेजारी बसलेली नको, आणि भरून झाल्यावर पाकिटात घालून थेट डॉक्टरांकडे द्या.